विश्वरूप आणि मानुष रूप : अण्वस्त्रविषयक वाङ्मयाची एक कसोटी

१

अण्वस्त्रांविषयीचे जे वाङ्मय गेल्या ऐंशी वर्षांत जगातील निरनिराळ्या भाषांत निर्माण झाले, त्याचे मूल्यमापन कोणत्या कसोटीने करावयाचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. विषय प्रचंड असला म्हणजे त्यावरील कलाकृतीही थोर ठरते, अशी एक समजूत आपल्या मनात नकळत घर करून असते. आणि मानवजातीच्या संहाराहून अधिक प्रचंड विषय कोणता असणार? त्यामुळे अशा लेखनाकडे आपण वाङ्मयीन चिकित्सा बाजूस ठेवून काहीशा आदराने पाहतो. प्रस्तुत लेखात मला नेमके याच्या उलट म्हणावयाचे आहे. विषयाची प्रचंडता हाच या वाङ्मयापुढील सर्वांत मोठा धोका आहे, आणि ज्या लेखकांनी तिचा मोह टाळला त्यांच्याच कृती आज आवश्यक राहिल्या आहेत.

हा प्रश्न आजच उपस्थित करण्याचे कारण उघड आहे. शीतयुद्ध संपल्यानंतर अणुयुद्ध ही गतकाळातील भीती झाली, असे मानण्याकडे आपला कल होता. तो कल आता टिकण्यासारखा नाही. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंदी घालणारा १९८७ चा करार २०१९ साली संपुष्टात आला. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि अवघ्या काही दिवसांत आपली अण्वस्त्रदले विशेष सज्जतेवर ठेवण्याचा आदेश जाहीर केला. अमेरिका व रशिया यांच्या तैनात अण्वस्त्रांवर प्रत्येकी १५५० ची मर्यादा घालणाऱ्या करारातील आपला सहभाग रशियाने २०२३ साली स्थगित केला. त्या कराराची मुदतच मुळी फेब्रुवारी २०२६ पर्यंत होती. आपल्या उपखंडातही २०२५ च्या मे महिन्यात दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमध्ये चार दिवस सशस्त्र संघर्ष झाला.

हे सारे राजनीतीच्या अभ्यासकांचे क्षेत्र आहे, त्यात साहित्यसमीक्षकाचे काय काम, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे. १९४५ च्या ऑगस्टनंतर ही अस्त्रे कोणत्याही शहरावर टाकली गेलेली नाहीत. चाचण्यांमुळे ज्यांची बेटे आणि शरीरे उद्ध्वस्त झाली, त्या मार्शल बेटांवरील व सेमिपलातिन्स्कच्या परिसरातील माणसांचे दुःख सोडले, तर ही अस्त्रे जगाच्या जीवनात वावरत आली आहेत ती मुख्यतः भाषेच्या रूपाने : इशारे, घोषणा, सिद्धांत आणि गर्भित धमक्या यांच्या रूपाने. ज्या अस्त्राचा नित्याचा उपयोग उच्चारात आहे, त्या अस्त्राच्या भाषेची परीक्षा करणे हे समीक्षेच्या अधिकाराबाहेरचे नाही. किंबहुना ते तिचे कर्तव्यच आहे.

२

या भाषेचा प्रारंभ कोठे झाला हे पाहू लागलो, तर आपल्याला आपल्याच घरी यावे लागते. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला. त्या प्रकल्पाचे शास्त्रीय प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर यांनी बर्क्ली येथे आर्थर रायडर यांच्याजवळ संस्कृतचे अध्ययन केले होते. १९६५ साली दूरचित्रवाणीवर बोलताना त्यांनी सांगितले की, तो स्फोट पाहून आपल्याला भगवद्गीतेतील विश्वरूपदर्शनाचे व संहारक काळाचे स्मरण झाले. अणुबाँबच्या निर्मितीचा इतिहास लिहिणाऱ्या रॉबर्ट युंक यांनीही आपल्या ग्रंथाच्या नावासाठी त्याच अध्यायातील सहस्र सूर्यांची प्रतिमा घेतली. तेव्हापासून गीतेचा अकरावा अध्याय आणि अणुस्फोट यांची जी सांगड बसली ती आजतागायत सुटलेली नाही. आणि आपल्यापैकी कित्येकांना तिचा थोडाबहुत अभिमानही वाटतो.

परंतु या अध्यायाचे हे वाचन अपुरे आहे. विश्वरूप हा त्या अध्यायाचा शेवट नव्हे. ते रूप पाहून अर्जुन प्रथम विस्मित होतो, नंतर भयभीत होतो, आणि अखेर ते रूप आवरावे, आपले पूर्वीचे परिचित रूप पुन्हा दाखवावे, अशी विनवणी करतो. ते सौम्य मानुष रूप पुन्हा दिसल्यावर आपले चित्त ठिकाणावर आले, असे तो स्वतः सांगतो. म्हणजे या अध्यायाची गती विश्वरूपाकडून मानुष रूपाकडे आहे. अणुयुगाने त्यातील पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला.

ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वरांनी रसांविषयी जे म्हटले आहे, ते या संदर्भात फार मार्मिक वाटते. शांतरसाच्या घरी अद्भुत हा पाहुणा म्हणून आला आहे आणि इतर रसांनाही पंगतीचा मान मिळाला आहे, असे त्यांचे रूपक आहे. घर शांताचे, अद्भुत हा अतिथी. अतिथीचा सत्कार व्हावा, पण त्याने घराचा ताबा घेऊ नये, हे त्या रूपकात गृहीतच आहे. अणुस्फोटाच्या बहुसंख्य वर्णनांत मात्र घर उरलेलेच नाही. केवळ पाहुणा आहे. अग्नीचे स्तंभ, गगनभेदी मेघ, डोळे दिपवणारा प्रकाश यांचे वर्णन करताना लेखक भयाचा आविष्कार करीत असल्याचे सांगतो. पण त्याच्या शब्दांतून प्रत्ययास येतो तो विस्मय. आणि विस्मयात, कितीही नाकारले तरी, स्तुतीचा एक अंश असतोच.

ही गोष्ट केवळ कवींपुरती मर्यादित नाही. अस्त्रांची नावे पाहावीत. अमेरिकेने टायटन, पोसायडन, ट्रायडंट अशी ग्रीक पुराणकथांतील नावे योजिली. आपण अग्नी आणि पृथ्वी ही महाभूते घेतली. पाकिस्तानने घोरी, गझनवी आणि बाबर या विजेत्यांना पाचारण केले. याच्या दुसऱ्या टोकाला हिरोशिमावर पडलेला बाँब आहे : त्याचे नाव ‘लिटल बॉय’, म्हणजे लहानगा मुलगा, आणि तो वाहून नेणाऱ्या विमानाला वैमानिकाने आपल्या आईचे नाव दिले होते. वस्तूला दैवी आकार देणे आणि तिला लाडक्या नावाने हाक मारणे, या दोन्ही रीती दिसावयास परस्परविरोधी असल्या तरी त्यांचे कार्य एकच आहे. त्या अस्त्राच्या खाली असलेला माणूस दोन्ही रीतींनी दृष्टीआड होतो.

३

‘दहशतीचा समतोल’ या नावाने ओळखला जाणारा जो राजनैतिक सिद्धांत आहे, त्याचा विचार रसचर्चेच्या परिभाषेत करता येईल. परस्परांच्या मनात भय कायम राहिले तर कोणीही अस्त्र उचलणार नाही, असे तो सांगतो. म्हणजे भय या स्थायी भावावर त्याने शांततेची इमारत उभारलेली आहे. आता भयानक रसाचे विवेचन करताना अभिनवगुप्ताने शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. ते भय त्या विशिष्ट हरिणाचे राहत नाही, प्रेक्षकाचे व्यक्तिगत भयही बनत नाही. देशकालाच्या बंधनांतून मुक्त होऊन ते साधारण होते आणि म्हणूनच आस्वाद्य ठरते. सहृदय हा हरिणही नसतो आणि शिकारीही नसतो.

अण्वस्त्राच्या बाबतीत हे ताटस्थ्य कोठून आणावयाचे? येथे प्रत्येक वाचक हरिण आहे, कारण त्याचे शहर कोणत्या तरी नकाशावर लक्ष्य म्हणून असू शकते. तो अण्वस्त्रधारी राष्ट्राचा नागरिक असेल, तर तो काही अंशी शिकारीही आहे, कारण ते अस्त्र त्याच्या नावाने सज्ज ठेवलेले आहे. रंगभूमीबाहेर बसण्याची जागाच येथे शिल्लक नाही. भव्य संहारचित्रे ही जागा खोटेपणाने निर्माण करतात. पृथ्वीचा विनाश आपण कोठल्यातरी अंतराळातून पाहत आहोत असा भास ती उत्पन्न करतात, आणि त्या भासात वाचक सुरक्षित राहतो. म्हणूनच असे लेखन वाचून झाल्यावर क्षणभर थरार वाटतो आणि पुढे काहीच उरत नाही.

करुणाच्या बाबतीतही अशीच एक अडचण आहे. करुणाचा स्थायी भाव शोक. आणि शोकाला दोन गोष्टी लागतात, घडून गेलेली हानी आणि तिच्यासाठी रडणारा कोणीतरी. सर्वंकष अणुयुद्धात दुसरी गोष्ट उरेलच याची शाश्वती नाही. अशा स्थितीत वाङ्मयाजवळ खरा शोक एकाच ठिकाणचा आहे : जेथे ही हानी प्रत्यक्ष घडली आणि रडावयास माणसे उरली, त्या हिरोशिमा व नागासाकी या दोन शहरांतला. हिरोशिमात १९४५ च्या अखेरपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे मृत्यू पावली असे मानले जाते. या संख्येचा शोक करता येत नाही; ती केवळ उच्चारता येते. तिचे शोकात रूपांतर कसे झाले, हे जपानी लेखकांकडून शिकावे लागते.

४

हारा तामिकी यांची ‘ग्रीष्मातील फुले’ ही कथा १९४७ साली प्रसिद्ध झाली. हारा स्वतः त्या दिवशी हिरोशिमात होते. कथेच्या प्रारंभी निवेदक बाँबच्या आधी एक-दोन दिवस फुले विकत घेऊन आपल्या मृत पत्नीच्या समाधीला जातो. समीक्षकाने या प्रारंभापाशी थांबावे. एका माणसाच्या मृत्यूला फुले, पाणी आणि स्मरण मिळते, हे आधी प्रस्थापित झाल्यावर मग ते शहर येते, जेथे मृतांना यांतील काहीच मिळत नाही. कथेच्या शेवटी एक शिक्षिकेचा पती आपल्या पत्नीचा शोध घेत एकेका प्रेताचा चेहरा पाहत हिंडतो, आणि ती सापडत नाही. मृत्यूचे प्रमाण हारांनी संख्येने मोजले नाही. समाधी असणे आणि समाधी नसणे या दोन टोकांनी मोजले.

मध्येच एके ठिकाणी हे दृश्य काताकाना लिपीत लिहिणेच योग्य होईल, असे सांगून ते त्या लिपीत एक तुटक रचना देतात. जपानीत ही लिपी मुख्यतः परकीय शब्दांसाठी वापरली जाते. शब्दांची आतषबाजी करण्याऐवजी हारांनी आपली भाषाच आपल्याला परकी करून टाकली. रूपबंध आणि आशय यांच्या एकात्मतेचे याहून प्रामाणिक उदाहरण मला आठवत नाही. कोरियातील युद्धात अणुबाँब वापरण्याचा विचार चालू असल्याचे अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९५० च्या नोव्हेंबरमध्ये बोलून दाखवले. त्यानंतर काही महिन्यांनी, १९५१ च्या मार्चमध्ये, हारांनी टोकियोत रेल्वेमार्गावर आपले जीवन संपवले. या दोन घटनांत सरळ कार्यकारणभाव जोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु धोक्याचे पुनरागमन म्हणजे काय, हे जाणणारा लेखक कोणत्या काळात जगत होता, हे ध्यानात ठेवावे.

ओता योको यांनी ‘प्रेतांचे नगर’ हा ग्रंथ १९४५ च्या अखेरीस लिहून पूर्ण केला. तो काही भाग गाळून १९४८ साली निघाला. त्यात एक प्रसंग आहे. प्रेतांकडे टक लावून पाहणाऱ्या लेखिकेला तिची बहीण दूषण देते. त्यावर आपण माणसाच्या आणि लेखकाच्या अशा दोन्ही डोळ्यांनी पाहत आहोत, अशा आशयाचे उत्तर लेखिका देते. कलात्मक ताटस्थ्य ही येथे शास्त्रातली संज्ञा राहत नाही. ती अपराधभावाने ग्रासलेली एक नैतिक कृती होते.

आणि इबुसे मासुजी यांची ‘काळा पाऊस’ ही कादंबरी. १९६५-६६ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेली ही कादंबरी एका प्रत्यक्ष दैनंदिनीवर आधारलेली आहे. तिचे कथानक कोणाही मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल : घरात उपवर भाची आहे आणि तिचे लग्न जमत नाही. तिला किरणोत्सर्गाचा आजार आहे अशी गावात कुजबूज आहे. ती स्फोटस्थळाजवळ नव्हती हे मध्यस्थाला पटवून देण्यासाठी काका आपली जुनी रोजनिशी नीट उतरवून काढू लागतात. एवढ्या घरगुती हेतूतून त्या शहराचा सारा अनर्थ पानापानाने उलगडतो. काकू युद्धकाळात घरात काय शिजत होते त्याची टिपणे लिहितात. कारखान्यातील मृतांसाठी भिक्षू मिळत नाही, म्हणून काकांना अंत्यविधीचे पाठ उतरवून आणून म्हणावे लागतात. आणि लग्न जमावे म्हणून सुरू झालेल्या या लेखनातूनच भाचीवर काळा पाऊस पडला होता ही गोष्ट पक्की होत जाते. अखेरीस ती आजारी पडते. जे सत्य नाकारण्यासाठी लेखणी हाती घेतली, त्याच सत्याचा पुरावा त्या लेखणीने तयार केला. शोकात्मिकेची अशी रचना एखाद्या संहारमहाकाव्यालाही साधली नसती.

या परंपरेतील आणखी एका कवितेचा उल्लेख केला पाहिजे. कुरिहारा सादाको यांची १९४६ साली प्रसिद्ध झालेली कविता एका अंधाऱ्या तळघरात घडते. तेथे जखमी माणसे कोंडली आहेत, एका स्त्रीला वेणा सुरू होतात, आणि स्वतः घायाळ असलेली एक सुईण पुढे येऊन तिची सुटका करते. मूल जन्मते, सुईण मरते. बाँबचे वर्णन कवितेत जवळजवळ नाही.

५

असा आक्षेप घेतला जाईल की, मी पुराणकथेचे सामर्थ्य नाकारीत आहे. तसे नाही. माझा आक्षेप पुराणकथेवर नसून तिच्या अर्धवट वाचनावर आहे. ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबाँब, हे समीकरण आपल्याकडे फार सैलपणे वापरले जाते. महाभारताचे सौप्तिक पर्व लक्षपूर्वक वाचले, तर तेथे अस्त्राच्या प्रतापाहून वेगळ्याच गोष्टींवर भर दिलेला आढळतो.

पहिली गोष्ट : रात्री झोपलेल्यांची कत्तल करून पळालेला अश्वत्थामा पाठलाग करीत आलेल्या भीमाला पाहून भितो, आणि त्या भयातून ब्रह्मशिर अस्त्र सोडतो. भय हे अस्त्राला आवरून धरते असे आजची राजनीती सांगते. व्यासांच्या कथेत भयच ते सोडायला लावते. दुसरी गोष्ट : अस्त्र सोडण्याची विद्या दोघांजवळ आहे, पण ते मागे घेण्याची शक्ती फक्त अर्जुनाजवळ आहे, आणि सोडण्याहून आवरणे कठीण, हे महाभारत स्पष्टपणे सांगते. तिसरी गोष्ट : अशा अस्त्राचा दुसऱ्या अस्त्राने प्रतिकार झाला, तर त्या भूमीत बारा वर्षे पाऊस पडत नाही. प्रतिकार यशस्वी झाला तरी भूमी वाचत नाही, असा याचा अर्थ. आणि चौथी गोष्ट : मागे घेता न आलेले ते अस्त्र अखेर पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवले जाते. महाकाव्याची दृष्टी आकाशातून खाली येते आणि उत्तरेच्या उदरापाशी थांबते. कुरिहारांचे तळघर येथून दूर नाही.

धर्मवीर भारती यांचे ‘अंधा युग’ (१९५४) हे नाटक या कसोटीला उतरते ते याच कारणाने. व्यास अस्त्राच्या परिणामांची जी भविष्यवाणी करतात, तीत नापीक धरती आणि विकृत संतती यांवर भर आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नाटकात दोन प्रहरी आहेत. ज्या सुन्या सज्जांमध्ये रक्षण करण्यासारखे काही उरलेले नाही तेथे ते पहारा देत फिरतात. ना ते विजयी, ना पराजित. १९६२ मध्ये सत्यदेव दुबे यांनी मुंबईत आणि १९६३ मध्ये इब्राहिम अल्काझी यांनी दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यात हे नाटक उभे केले. त्या भग्न किल्ल्याच्या पार्श्वभूमीवर नाटकाची भव्यता वाढली असणार. पण त्या भव्यतेला माणसाचे माप देतात ते हे दोन सामान्य पहारेकरी. अज्ञेयांनी हिरोशिमावरील आपल्या कवितेत दगडावर उमटलेल्या मानवी छायेशी जाऊन थांबणे, हेही याच दृष्टीचे द्योतक आहे. मानवनिर्मित सूर्याने त्या कवितेचा आरंभ होतो, परंतु तिची साक्ष शेवटी त्या छायेवर आहे.

६

एक आक्षेप याहून गंभीर आहे. माणसाचे माप जपणारे हे वाङ्मय वाचले गेले, नावाजले गेले. अस्त्रांचे साठे तरीही वाढतच गेले. १९४६ च्या ऑगस्टमध्ये एका अमेरिकन साप्ताहिकाने जॉन हर्सी यांच्या ‘हिरोशिमा’साठी आपला संपूर्ण अंक दिला, सहा जिवंत राहिलेल्या माणसांची ती हकीकत असंख्य लोकांनी वाचली. पुढील चार दशकांत जगातील अण्वस्त्रांची संख्या हजारोंच्या घरात गेली. मग या वाङ्मयाचा उपयोग काय? शिवाय, केवळ आपल्या दुःखाकडे पाहताना आपण इतरांना दिलेले दुःख विसरण्याचा धोकाही आहे. हा दुसरा मुद्दा जपानी साहित्याने स्वतःच ओळखला आहे. हिरोशिमा हे नाव घेतले की आशियातून जपानी अत्याचारांची नावे प्रतिध्वनीसारखी ऐकू येतात, असे सांगणारी कविता कुरिहारा यांनीच पुढे लिहिली.

पहिल्या मुद्द्याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही, आणि वाङ्मय युद्धे थांबवते असा दावा मी करणार नाही. केवळ एका घटनेकडे लक्ष वेधतो. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत सैन्यातील अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांच्यासमोरील यंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे निघाल्याची सूचना दिली. महायुद्ध पाच क्षेपणास्त्रांनी कोणी सुरू करीत नाही, असा साधा विचार करून पेत्रोव यांनी ती सूचना खोटी असल्याचे वर कळवले. नंतर आढळले की, उंच ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाने क्षेपणास्त्रांचा अग्नी समजून टिपला होता. चिन्हाने दिपून न जाता त्यामागे खरोखर काय आहे असे विचारण्याची ही जी सवय, तीच चांगले वाङ्मय वाचकाच्या ठिकाणी हळूहळू रुजवीत असते. ती नेहमी योग्य जागी आणि योग्य वेळी हजर असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

जपानमधील नोंदणीकृत अणुबाँबपीडितांची संख्या २०२५ साली प्रथमच एक लाखाच्या खाली आली. त्यांच्या संघटनेला २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, ते साक्षीदारांची पिढी संपत आली असताना. काही वर्षांनी त्या दोन दिवसांचा अनुभव सांगणारा कोणीही राहणार नाही. राहील ते फक्त लिहिलेले. तेव्हा कोणते लेखन पुढच्या वाचकांच्या हाती द्यावयाचे, ही निवड समीक्षेला करावी लागेल. सहस्र सूर्यांचे तेज वर्णिणारे लेखन विपुल आहे, आणि अस्त्रांची भाषा बोलणारे लोक त्याचा आनंदाने उपयोग करून घेतील. आपण मात्र अर्जुनाची विनंती विसरू नये. विश्वरूप पाहून झाल्यावर त्याने मागितले होते ते ओळखीचे, माणसाचे रूप. आणि ते दिसल्यावरच त्याचे चित्त स्थिर झाले होते.